एका शोधाला दोन मक्ते

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांच्या काळ्याशार जमिनीत ज्याची हयात गेली, असा शेतकरी गेल्या वीस-बावीस वर्षांत एका नव्या जातीच्या संभाषणाला हळूहळू सरावला आहे, आणि ते संभाषण माणसाशी नसून यंत्राशी आहे याचे त्याला आता नवलही वाटेनासे झाले आहे. २००४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले, तेव्हा १५५१ या क्रमांकावर पलीकडून निदान शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाचा सजीव आवाज येई. पुढे गॅसची टाकी नोंदवणे, बँकेतील शिल्लक विचारणे, पीकविम्यात नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत कळवण्याची अट असताना ती कळवणे, अशा एकेका कामाच्या उंबरठ्यावर ध्वनिमुद्रित वाणी येऊन बसली आणि भाषेसाठी अमुक बटण दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, असे फर्मान सोडू लागली. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे धाडण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय जाहीर केली, तेव्हा द्रव्याचा व्यवहारही काही अंशी या वाणीच्या हवाली झाला. आता बटणे दाबण्याचा जमानाही सरत चालला असून, बोललेले ऐकणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि माणसासारखे उत्तर देणारे यंत्र दाराशी उभे आहे. गूगलने मे २०१८ मध्ये केशकर्तनालयात स्वतः फोन करून वेळ ठरवणारे असे यंत्र जगाला दाखवले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

हे यंत्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. शोधकर्त्याने आपला शोध जगापुढे उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने त्याला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे त्या शोधाचा एकट्याचा मक्ता द्यावा, असा पेटंटचा करार आहे. मुदत सरली की शोध सर्वांचा. परंतु त्याच शोधाचे वर्णन थोडे फिरवून, एखादा शब्द इकडचा तिकडे करून, त्याच शोधकर्त्याने दुसरी, तिसरी, दहावी सनद पदरात पाडून घेतली तर त्या कराराचे काय उरते? शेत एकच असता तलाठ्याकडून त्याचे निरनिराळ्या चतुःसीमांचे दोन सातबारे काढून घेण्यापैकीच हा प्रकार आहे, आणि टेलिफोनवर बोलणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तो जितका सुलभ आहे तितका क्वचितच अन्य कोठे असेल.

ही वकिलांची बाब आहे, कापूस पिकवणाऱ्या मुलखाला तिचे काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी बियाण्याच्या पाकिटाची आठवण करावी. मोन्सँटोच्या बोंडअळीरोधक जनुकाचे भारतीय पेटंट १९९९ सालच्या अर्जावरचे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने बीजी-दोन कपाशीच्या ४५० ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, तीत ४९ रुपये या तंत्राचे शुल्क म्हणून धरले. ते पुढे ३९ झाले, मग २० झाले, आणि २०२० च्या हंगामासाठी शून्यावर आले. दरम्यान दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ मध्ये हे पेटंट मुळातच अवैध ठरवले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून साक्षीपुराव्यासह सुनावणीस प्रकरण परत धाडले, आणि त्याच वर्षाअखेर पेटंटची मुदत संपून गेली. त्याच जनुकावर थोडी निराळी मखलाशी करून दुसरे पेटंट पाच वर्षे मागाहून घेतले गेले असते, तर शुल्काचा तो आकडा शून्यावर आणण्यास सरकारला किती प्रयास पडले असते याची कल्पना अकोटच्या किंवा मूर्तिजापूरच्या कृषी सेवा केंद्रासमोर पेरणीच्या दिवसांत रांगेत उभे राहिलेल्यांना सहज करता येईल. पेटंटची मुदत हा पाकिटाच्या किमतीचा प्रश्न असतो.

दुहेरी पेटंटाचा वाद न्यायालयात रुजला तोही शेतीच्या अवजारावरून, हा योग मला मोठा मनोज्ञ वाटतो. १८९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘मिलर विरुद्ध ईगल’ हा जो खटला आला, तो आपल्याकडील डवऱ्याच्या जातीच्या, पण चाकांवर चालणाऱ्या एका कोळपणी यंत्राला जोडलेल्या स्प्रिंगविषयी होता. एकाच शोधकर्त्याने त्या स्प्रिंगवर दोन पेटंटे घेतली होती. स्प्रिंग तीच, तिच्या कार्याचे वर्णन मात्र दुसऱ्या कागदात निराळे. न्यायालयाने दुसरे पेटंट रद्दबातल ठरवले. पहिल्या सनदेने जे दिले गेले ते दुसरीने पुन्हा देता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने तिकडे पक्के झाले, आणि पुढे त्याला अशी जोड मिळाली की, दुसरा शोध पहिल्याहून शब्दशः भिन्न असला तरी त्या विद्येतल्या माणसाला तो पहिल्यावरून सहज सुचण्यासारखा असेल, तर तोही त्याच मालकाला स्वतंत्रपणे मिळू नये.

येथवर सारे ठीक होते. परंतु कायद्याला पळवाट सापडावी हा जणू निसर्गनियमच आहे, आणि ही पळवाट अमेरिकन व्यवस्थेने स्वतःच बांधून दिली. दुसरे पेटंट पहिले संपेल त्याच दिवशी संपेल, आणि जोवर दोन्ही एकाच मालकाकडे आहेत तोवरच ते बजावता येईल, अशी कबुलायत अर्जदाराने लिहून दिली की दुसरे पेटंट त्याला मिळते. मुदत वाढत नाही, मग हरकत कसली, असा त्यामागचा विचार. तो किती अपुरा आहे हे पाहायचे असेल तर टेलिफोनच्याच इतिहासात शिरले पाहिजे.

रोनाल्ड कॅट्झ हे नाव आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असेल. पण फोनवर यंत्राने विचारावे आणि माणसाने बटणे दाबून उत्तर द्यावे या पद्धतीचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही. ग्राहकाचा धनादेश स्वीकारावा की नाही याचा दुकानदाराला जागच्या जागी निर्वाळा देणाऱ्या ‘टेलिक्रेडिट’ कंपनीचे ते १९६१ मधील एक संस्थापक. १९८५ पासून त्यांनी टेलिफोनवरील स्वयंचलित व्यवहारांवर अर्जांमागून अर्ज केले, आणि त्यांतून पन्नासांवर पेटंटांचा वंशविस्तार झाला. त्या पेटंटांच्या अखेरीस शोधाची हद्द आखणारी जी क्रमांकवार कलमे असतात, ज्यांना या व्यवहारात क्लेम म्हणतात, ती जवळून वाचणाऱ्याला एक गंमत आढळते. फोन करणाऱ्याचा क्रमांक टेलिफोन केंद्र आपोआप पुरवते. त्याने कोणता क्रमांक लावला हेही केंद्राला कळते. आणि पुढे तो काही आकडे दाबतो. सामग्री एवढीच. यांतून कोठे लावलेल्या क्रमांकावरून कार्यक्रम निवडायचा, कोठे फोन करणाऱ्याच्या क्रमांकावरून त्याची जुनी नोंद काढायची, कोठे दाबलेले आकडे त्या नोंदीशी ताडून मगच पुढे जाऊ द्यायचे, आणि कोठे या तिन्ही गोष्टी वेगळ्या क्रमाने करायच्या. मूळ कल्पनेत बुद्धी होती हे नाकबूल करण्याचे कारण नाही. परंतु तिची इतकी रूपे, प्रत्येकाला स्वतंत्र सनद, हा प्रकार गणितातल्या क्रमचय-संचयाचा अधिक वाटतो.

२००५ व २००६ या दोन वर्षांत कॅट्झ यांच्या कंपनीने २५ फिर्यादी दाखल केल्या. त्यांत ३१ पेटंटांतले १,९७५ क्लेम होते आणि प्रतिवादी १६५. हे सारे खटले कॅलिफोर्नियातील न्यायाधीश क्लाउसनर यांच्यापुढे एकत्र झाले, तेव्हा त्यांनी पाहिले की पेटंटांचे कूळ एक, आणि एक सोडून सर्वांवर ती मुदतीची कबुलायत लिहिलेली. तेव्हा क्लेमांमध्ये पुनरुक्ती पुष्कळ असणार. त्यांनी हुकूम केला की प्रतिवादींच्या प्रत्येक गटाविरुद्ध आधी चाळीस आणि चौकशीनंतर सोळाच क्लेम निवडावेत, आणि सर्व मिळून चौसष्टांपेक्षा अधिक नकोत; याबाहेरच्या एखाद्या क्लेमात खरोखर निराळा मुद्दा आहे असे फिर्यादीने दाखवले, तर तोही घेता येईल. ते दाखवण्याऐवजी फिर्यादीने आपल्या हक्कांची पायमल्ली झाल्याची तक्रार केली, आणि १८ फेब्रुवारी २०११ रोजी वरिष्ठ न्यायालयाने या मुद्द्यावर क्लाउसनर यांचाच निर्णय कायम ठेवला. एक हजार नऊशे पंचाहत्तरांतून चौसष्ट!

या प्रकरणातून मला जो निष्कर्ष निघतो असे वाटते, तो असा. मुदतीची कबुलायत घेतल्याने सर्व पेटंटे एका दिवशी मरतात हे खरे. पण ती जिवंत असेपर्यंत त्यांची संख्या हेच शस्त्र असते. ज्याच्यावर फिर्याद होते त्याला एकतीस पेटंटांपैकी प्रत्येकाचे निराळे उत्तर द्यावे लागते, प्रत्येकाचे निराळे दप्तर उघडावे लागते, आणि तीस पेटंटे त्याने पाडली तरी एकतिसावे त्याला पुरून उरते. मोठ्या कंपनीला हा खर्च परवडतो, किंवा ती तडजोडीची रक्कम मोजून मोकळी होते; लहान माणूस फिर्यादीची नोटीस वाचूनच धंदा गुंडाळतो. मे २०२४ मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयानेच एक प्रस्ताव मांडला होता की, अशा कबुलायतीने बांधलेल्या पेटंटांपैकी एकातला क्लेम पडला तर जोडीचे पेटंटही बजावता येऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. रोग ओळखला गेला, औषध बाटलीतच राहिले.

आपला कायदा या बाबतीत मुळात अधिक करारी आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभ्या राहिलेल्या १९७० च्या पेटंट अधिनियमात कलम ४६ सरळ सांगते की एक पेटंट एकाच शोधासाठी दिले जाईल. अमेरिकेप्रमाणे जुन्याच वर्णनावर मनास येईल तितक्या वेळा नवे क्लेम मागण्याची मुभा येथे नाही. एका अर्जात एकाहून अधिक शोध असतील तरच कलम १६ अन्वये तो विभागता येतो, विभागलेल्या अर्जाची तारीख मूळ अर्जाचीच धरली जाते, म्हणून मुदतही एकत्रच संपते, आणि एकातला क्लेम दुसऱ्यात राहू नये हे पाहण्याचा अधिकार पेटंट नियंत्रकाला आहे. शोधात खरोखर सुधारणा करणाऱ्यासाठी कलम ५४ मध्ये पुरवणी पेटंटाची तजवीज आहे. ते मूळ पेटंटाबरोबर संपते आणि त्याला नूतनीकरणाचे वेगळे शुल्कही पडत नाही. न्यायालयांनीही या तत्त्वाची बूज राखली आहे. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन या औषधावर अ‍ॅस्ट्राझेनेकाने दोन पेटंटे घेतली होती, एक व्यापक, दुसरे त्यातलेच विशिष्ट, आणि पहिल्याची मुदत संपल्यावर दुसऱ्याच्या बळावर भारतीय कंपन्यांना रोखू पाहिले. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये असे म्हटले की, एकाच वस्तूवर दोन्ही पेटंटांचा भंग झाल्याची फिर्याद ज्या अर्थी कंपनीने केली, त्या अर्थी शोध एकच आहे हे तिनेच कबूल केले, आणि एका शोधाला पेटंट एकच. हा युक्तिवाद मला अत्यंत समर्पक वाटतो, आणि फोनच्या यंत्राला तो जसाच्या तसा लागू पडतो: एका शेतकऱ्याच्या एका फोनवर नऊ पेटंटांचा भंग झाला असे जो म्हणेल, त्याला ते नऊ शोध कोणते हे आधी विचारले पाहिजे.

तथापि आपल्या तटबंदीलाही एक खिंडार आहे. अर्ज दाखल झाल्यापासून, किंवा त्याची अग्रता-तारीख आधीची असल्यास त्या तारखेपासून, अठरा महिने तो गुप्त राहतो, नंतर प्रसिद्ध होतो. या अवधीत त्याच कंपनीने दुसरा, किंचित फेरफार केलेला अर्ज टाकला, तर पहिला अर्ज अद्याप लोकांपुढे आलेला नसल्यामुळे दुसऱ्यातला शोध पहिल्यावरून सहज सुचण्यासारखा आहे, अशी हरकत घेता येत नाही. तोच क्लेम आधी मागितला गेला आहे एवढीच हरकत उरते, आणि ती शब्दांच्या साम्यावर अवलंबून. औषधात रेणूचे सूत्र असते, ते लपवणे अवघड. बोलणाऱ्या यंत्राच्या क्लेमात असते काय? ‘बोलणाऱ्याचे शब्द ग्रहण करणे, त्याचा हेतू निश्चित करणे, नोंदवहीतून माहिती काढणे, उत्तर उच्चारणे’ असा एक मसुदा. ‘बोलणाऱ्याचा हेतू अपुरा असल्यास त्यास पुन्हा विचारणे आणि मग उत्तर उच्चारणे’ असा दुसरा. दोहोंत फरक आहे असे चांगला वकील तासभर पटवून देईल, आणि तो नाही असे कोणतीही टेलिफोन ऑपरेटर बाई दोन वाक्यांत सांगेल, कारण पुरते ऐकू आले नाही तर पुन्हा विचारायचे हे तिने पहिल्याच दिवशी आत्मसात केलेले असते.

त्यातच पेटंट कार्यालयाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतून नव्या यंत्रसामग्रीची अट गेली, तेव्हापासून निव्वळ संगणकीय कार्यक्रमाला पेटंट नाही या कलम ३ मधील निर्बंधातूनही तांत्रिक परिणाम दाखवून बाहेर पडण्याची वाट रुंदावली आहे. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंजेंटाच्या प्रकरणात दिल्लीच्या खंडपीठाने असे ठरवले की विभागलेल्या अर्जातला शोध मूळ अर्जाच्या क्लेमांत नसला तरी त्याच्या वर्णनात असला म्हणजे पुरे. कायद्याच्या शब्दांना धरून तो निर्णय बरोबरच असेल. पण ज्या मूळ अर्जाचे वर्णन दीडशे-दोनशे पानांचे आहे, त्याच्या पोटातून किती अर्ज जन्माला येऊ शकतात याचा हिशेब आता पेटंट कार्यालयालाच ठेवावा लागेल.

याचा वऱ्हाडाशी संबंध येतो तो असा. परदेशात किंवा पुण्या-बंगळुरात घडवलेल्या यंत्राला पुस्तकी मराठी एक वेळ कळेल. परंतु आमचा माणूस कपाशीला पऱ्हाटी म्हणतो, ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो, ‘का’ऐवजी ‘काऊन’ विचारतो, आणि नुकसानीची खबर देताना आधी पावसाची, मग नाल्याची, मग शेजारच्या धुऱ्याची हकीकत सांगून शेवटी आपल्या वावरावर येतो. पुन्हा विचारल्यावर तो तीच हकीकत अधिक मोठ्याने सांगतो. हे बोलणे यंत्राला शिकवण्याचे काम दूरच्या कोणत्याही कंपनीला किफायतशीर वाटणार नाही. ते झालेच तर अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली चार-दोन मुले, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कोणी विस्तार-अधिकारी आणि एखादी सहकारी संस्था यांच्या हातून होईल. या मंडळींना फोनवरील संभाषणाचा सांगाडा, म्हणजे ऐकणे, ओळखणे, शोधणे, बोलणे, हा मुदत संपलेल्या जुन्या पेटंटांतून फुकट मिळायला हवा, कारण त्याची किंमत समाजाने एकदा पुरती चुकवलेली आहे. त्या सांगाड्यावर नव्या शब्दांची खोळ घालून कोणी पुन्हा इजारा सांगू लागला, तर त्याच्याशी दिल्ली-मुंबईत झुंजण्याइतकी पुंजी या लोकांजवळ नाही.

शोधकर्त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते सोडून देणे न्याय्य होणार नाही. बोलणारे यंत्र एका दिवसात बनत नाही. आज ऐकण्यात सुधारणा होते, सहा महिन्यांनी समजण्यात. प्रत्येक टप्प्याला संरक्षण न मिळाल्यास पैसा कोण गुंतवील? प्रश्न रास्त आहे. परंतु सुधारणा खरी असेल तर ती पहिल्या अर्जावरून सहज सुचण्यासारखी नाही हे दाखवणे जड जाऊ नये, आणि तेवढी मोठी नसेल तर पुरवणी पेटंटाचा दरवाजा उघडा आहे. तो दरवाजा सोडून स्वतंत्र पेटंटाचाच हट्ट जो धरतो, त्याला संरक्षण हवे आहे की संख्या, अशी शंका घेणे गैर ठरू नये.

म्हणून अमेरिकेतील मुदतीच्या कबुलायतीचा शिरस्ता येथे आणण्याची सूचना उद्या कोणी केल्यास ती साफ धुडकावून लावावी. आपल्याला हवी आहे ती दुसऱ्या सनदेची नामंजुरी. त्यासाठी, आधीच्या क्लेमाची हरकत ज्यात आहे त्या कलम १३ मध्ये एवढी दुरुस्ती पुरे की, त्याच अर्जदाराचा आधीचा अर्ज अप्रसिद्ध असला तरी त्याच्यावरून सहज सुचणारा फेरफार हा तोच शोध समजला जाईल. कलम ८ अन्वये अर्जदाराला परदेशातील आपले समांतर अर्ज कळवावे लागतात. स्वदेशातच टाकलेले भाऊबंद अर्ज तपासनिसाने स्वतः हुडकून काढावेत ही अपेक्षा विचित्र आहे, तेव्हा तशीच यादी त्यांचीही मागवावी. यादीचे हे काम नियमांतील एका नमुन्याचे आहे, त्याला संसदेची वाट पाहण्याची गरज नाही.

आणि कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचेही कारण नाही. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, ते घरबसल्या पाहता येते, आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट दिले जात नाही. त्या अवधीत, किंबहुना पेटंट मिळेपर्यंत केव्हाही, कोणीही त्याला लेखी विरोध करू शकतो. मार्च २०२४ च्या नियमांनी या विरोधाला शुल्क लावले आणि तो मुळात ग्राह्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला, हे मला पसंत नाही; निदान विद्यापीठे, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि विद्यार्थी यांना ते शुल्क माफ असावे. बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरास, म्हणजे अमरावतीपासून तीन तासांच्या वाटेवर आहे. संत गाडगेबाबा विद्यापीठाने आपल्या विधी आणि संगणक शाखांतील मुलांना तेथे पाठवून, टेलिफोनवरील संभाषण-यंत्रांचे प्रसिद्ध झालेले अर्ज दर आठवड्याला चाळण्याचे आणि एकाच कंपनीचे जुळे अर्ज शेजारी ठेवून वाचण्याचे काम सोपवले, तर पहिला विरोध-अर्ज वर्षभरात मुंबईच्या शाखेत दाखल होण्यास हरकत नसावी.